चीफचं वादळ

६ जुलै
आजपासून शिस्त. २ ऑगस्टला यांची पंचाहत्तरी, तोवर वादळी समुद्राचं ऑइल पेंटिंग पूर्ण. नेव्हीतून चीफ म्हणून रिटायर झाले, तेव्हापासून मी यांना चीफच म्हणते. गावात घरटी एक जण पायदळात. हे एकटे पाण्यात.
मी वादळ पाहिलेलं नाही, पण लग्नापासून ऐकत आलेय. दीपगृह डावीकडे, बोट कलंडलेली, चीफ दोरानं बांधलेले. पाठ आहे. कॉन्व्हेंटमध्ये ड्रॉइंगच्या सिस्टर सांगायच्या, आधी आकाश. आकाश झालं. छान काळं.

९ जुलै
चीफ म्हणाले, आगं, दीपगृह उजवीकडं हुतं. म्हणजे इतकी वर्षं मीच चुकीचं ऐकत होते! खरवडून उजवीकडे काढलं.

१३ जुलै
प्रियदर्शनीचा सांगलीहून फोन. विश्रामबागच्या डॉक्टरांकडे नंबर लावलाय, बाबांना घेऊन ये. यांनी फ्रीजमध्ये किल्ल्या ठेवल्या म्हणून कुणी डॉक्टरकडे जातं का? माझाही चष्मा डोक्यावर सापडतो. सांगितलं, पेंटिंग वाळलं की निघतो. साताऱ्याच्या पावसात ओलं टाकून गेलं तर बुरशी येईल. म्हणाली, आई, तू रोज वर रंग लावतेस, ते वाळणार कधी? मुलीला ऑइल कळत नाही.

१८ जुलै
दीपगृह परत डावीकडे. उजवीकडं म्हणून कुणी सांगितलं तुला, असं म्हणून चीफ लय चिडले. (त्यांचा ‘लय’ मलाही लागलाय.) कलावंताच्या घरी असे मतभेद व्हायचेच. खरवडाखरवडीत समुद्र शेवाळी झाला. चित्राला खोली आली.

२२ जुलै
चीफ सकाळी दूध आणायला गेले. दुपारी शेजारच्या मंगलताईंनी त्यांना रिक्षातून आणलं. एसटी स्टँडवर कोचीची, त्यांच्या जुन्या नेव्ही तळाची, गाडी विचारत होते म्हणे. पायांत दोन वेगवेगळ्या चपला. मंगलताई म्हणाल्या, आवं वैनी, ह्ये काय बरं न्हाई, लेकीला कळवा. मी म्हटलं, नेव्हीवाल्यांची चेष्टा अशीच असते. त्या हसल्या नाहीत.
दिवसभर लाटा काढल्या. प्रियदर्शनीचे दोन फोन. हाताला रंग होता.

२६ जुलै
निश्चय: आता वाळेपर्यंत हात लावायचा नाही.
हल्ली दाराला आतून कुलूप लावते. किल्ली माझ्या कमरेला. चोऱ्या वाढल्यात.

२७ जुलै
हात लावला. चीफनी विचारलं, कसलं दीपगृह? काढून टाकलं. त्याच फटक्यात बोटही गेली. दोराचं एक टोक राहिलं होतं, तेही पुसलं. नुसतंच लोंबत होतं. आता सगळं पाणी. मॉडर्न वाटतं.

२ ऑगस्ट
शिरा केला. चित्र भिंतीला टेकवून चीफना समोर बसवलं. ते पुढे वाकले. मग म्हणाले, वादळ आसंच आसतं. नुसतं पाणी. दुसरं काय बी दिसत न्हाई.
जमलं होतं!
मग उठले. अदबीनं हात जोडले. म्हणाले, ताई, लय झ्याक काढलंय तुमी. आमच्या हिला दावायला पायजे. तिनं वादळ कदी बगितलं न्हाई, पर माझं वादळ तिला तोंडपाठ हाय.
मी म्हटलं, घेऊन या त्यांना.
व्हय, आत्ताच आणतो म्हणाले, आणि चपला शोधायला लागले.
प्रियदर्शनीला फोन केला. उद्या सकाळी निघतो.
चित्र ओलंच आहे. राहू दे.