तिकोनी वावराची वाटणी

अमरावती
४ नोव्हेंबर २०२५

ती. स्व. दादास साधनाचा नमस्कार.

‘तू शीक, धुरे मी सांभायतो,’ असं तू मला पहिल्यांदा अमरावतीच्या एसटीत बसवताना म्हणाला होतास. त्या भरवशावर शिकले, दहावीच्या वर्गाला भूमिती शिकवायला लागले. आणि आता तुझ्याच धुऱ्यापाशी, वावराच्या बांधापाशी, अडले आहे. फोनवर तुझा आवाज चढतो, माझा बसतो, म्हणून पत्र.

वाटणीपत्राचा नकाशा मिळाला. आपलं वावर तिकोनी. टोकाला विहीर, तिच्यासमोरची बाजू रस्त्याला. तू दोन्ही लांब धुऱ्यांच्या मध्यावर खुंट्या ठोकून आडवी दोरी ताणलीस. विहिरीकडचं धाकट्या धर्मेंद्रला, रस्त्याकडचं तुला. दादा, हे अर्धं-अर्धं नाही. चौकोनी वावरात चाललं असतं. इथे धर्माला पाव येतो, तुला पाऊण. पटत नसेल तर तुझ्या गीतांजलीकडून कागदाचा त्रिकोण कापून घे. तिन्ही बाजूंचे मध्य जोडले की चार सारखे तुकडे पडतात. तुझ्या दोरीच्या विहिरीकडे किती राहतात, पोरीलाच विचार.

माझा वाटा मी तुम्हा दोघांना सोडला आहे, पण हे दुरुस्त झाल्याशिवाय सतरा तारखेला अकोटला सहीला येणं माझ्याच्यानं होणार नाही. वहिनीचा गुडघा कसा आहे? रागावलास तरी पत्र फाडू नकोस.

तुझी
साधना


अकोट, जि. अकोला
८ नोव्हेंबर

चि. साधनास उत्तमदादाचे आशीर्वाद.

तुह्यं पत्र भेटलं. पह्यले रागच आला. मास्तरीण झाली म्हणून भावाले पाढे शिकवून राहिली काय, असं तुह्या वहिनीले म्हटलं. म्या दोरी चोरून नाई टाकली. गावातले चार जण उभे होते, दुसरं टोक खुद्द धर्मानं धरलं होतं. कोणाच्याच ध्यानात आलं नाई. विहीर भेटली म्हणून तो तर खुश होता.

मंग गीतांजलीले कागद कापाले लावला. तिनं तुकडे एकावर एक ठेवले. चारही सारखे. एक धर्माचा, तीन माहे. पोरगी माह्या तोंडाकडे पाहत राहिली.

आता तूच सांग, धुरा हलवू तर कोन्या तोंडानं? लोक म्हणतीन, उत्तमराव भावाचं खाऊन राहिला होता, बहिणीनं धरला. मी चोर नाई, साधना. तू ये, सही करून दे. दरसाल मी त्याले काही ना काही देत जाईन. कायले देतो, हे त्याले सांगाची गरज नाई.

वहिनीचा गुडघा बरा हाये. भरीत खायले ये म्हणते.

तुहा
दादा


अमरावती
१२ नोव्हेंबर

ती. स्व. दादास साधनाचा नमस्कार.

तू चोर नाहीस, हे मला ठाऊकच होतं. चोराला कोणी कागद कापायला सांगतं का? पण तुकडे कळल्यावरही दोरी तिथेच राहिली, तर तुला काय म्हणायचं ते गीतांजली ठरवेल. ती मोठ्यानं विचारणार नाही, म्हणून मला जास्त भीती वाटते.

काल धर्माचा फोन होता. विहिरीवरच्या मोटारीचा पाइप कुठून न्यावा, हे दादाले विचारूनच ठरवतो म्हणाला. मी त्याच्या पोरांच्या अभ्यासाचं विचारत बसले. पुन्हा असं विषय टाळणं मला जमणार नाही.

आहे त्या नकाशावर मी सही करणार नाही. दरसाल तू जे देशील त्याला तो उपकार समजेल, आणि जे मुळातच त्याचं आहे त्यासाठी तुझ्यापुढे वाकत राहील. त्यापेक्षा विहिरीच्या टोकापासून रस्त्याच्या बाजूच्या बरोबर मध्यावर एकच सरळ रेघ ओढ. पाया सारखा, उंची तीच, म्हणून दोन्ही वाटे सारखे. विहीर दोघांना लागते, रस्ताही दोघांना लागतो.

सतराला मी येते, भरीत खायला. तू मात्र त्याच चार जणांना वावरात बोलाव, आणि त्यांच्यादेखत धर्माला सांग की दोरी टाकताना तू चुकलास. तुला कधी कोणापुढे ‘चुकलो’ म्हणताना मी ऐकलेलं नाही. या खेपेलाही तू नाहीच म्हणशील, हे धरूनच लिहिते आहे. तरी दादा, एवढं माझ्यासाठी कर.

तुझी
साधना