लिटरला दहा

३ फेब्रुवारी, मंगळवार

दहा! लिटरला दहा! साहेबांचं काय जातंय, तोंड आहे म्हणून बोलायचं.

आज मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर माझ्या डिझेलच्या पावत्या हलवत म्हणाले, "डॉक्टर, तुमची गाडी डिझेल पीत नाही, डिझेलनं आंघोळ करते!" सगळे हसले. एरवी मीही हसले असते. पण पुढचं ऐकलं आणि हसू विरलंच — मार्चअखेरीपर्यंत लिटरला दहाचं ॲव्हरेज दाखवा, नाहीतर डोंगरातली फेरी बंद. मग मी खाली जनावरांच्या दवाखान्यात खुर्ची उबवायची आणि वरच्या वस्त्यांनी आजारी गुरं खाली आणायची. आणणार कशी? पाठुंगळीला मारून?

गाडी माझी स्वतःची, डिझेल ऑफिसचं. सात देते, फार तर साडेसात. खोटं कशाला बोलू? बुडापासून उंच करून घेतलीय. जाड दातेरी टायर, टपावर लोखंडी कॅरिअर, पुढे विंच — रुतली की त्याची तार झाडाला बांधायची, गाडी स्वतःच स्वतःला ओढून काढते. हे सगळं शेवटच्या त्या कच्च्या चढासाठी. पण चढापर्यंत पोचायला तीन तास सरळसोट हायवे! आणि हायवेवर माझी हत्तीण म्हणजे वाऱ्याच्या तोंडी उभं केलेलं कपाट. सगळं डिझेल तिथंच जातं.

घरी येऊन नवऱ्याला सांगितलं. "बरोबर आहे की त्यांचं," म्हणाला.

घ्या! घरचा अहेर.

४ फेब्रुवारी

सासूबाईंना भाजी निवडता निवडता सगळं सांगितलं. मान वरसुद्धा न करता म्हणाल्या, "दहा म्हणाला ना? मग मार त्याच्या तोंडावर दहा."

ठरलं.

८ फेब्रुवारी, रविवार

आज नवऱ्याला ओढून हायवेवर नेलं. शाळेत गणित शिकवतो, म्हटलं होऊ दे जरा उपयोग. टाकी तोंडापर्यंत भरली, निघालो. मी चालवतेय, तो खिडकीतून किलोमीटरचे दगड बघतोय. थोड्या वेळानं त्याच्या कपाळाला आठ्या. "अगं, तुझा मीटर खोटं बोलतोय."

झालं असं — टायर मोठे, म्हणजे एका गिरकीत गाडी जास्त पुढे जाते. पण मीटरला ते कुठं ठाऊक? तो बिचारा जुन्या टायरच्याच हिशोबानं मोजतोय. मीटरवर शंभर झाले, तेव्हा दगडांवर एकशे आठ! म्हणजे गाडी धावतेय जास्त आणि बदनामी होतेय फुकट.

परतताना त्याच पंपावर पुन्हा तोंडापर्यंत टाकी भरली. भागाकार त्यानं हातावर पेननं केला. आठला टेकली! दहा नाही. पण आठ! नवरा माझ्यापेक्षा खूश. हात दोन दिवस धुणार नाही म्हणे.

१० फेब्रुवारी

साहेब म्हणाले, "हे तुमच्या सोयीचं गणित झालं. ऑफिस मीटर मानतं, दगड मानत नाही."

दगड! दगड कोण ते मला कळतं.

१७ फेब्रुवारी

कॅरिअर उतरवलं. गॅरेजचा मिस्त्री आणि मी, दोघांनी मिळून. टप असं बोडकं दिसतंय की बघवेना. चाकांत हवा थोडी जास्त भरली. आणि मुख्य म्हणजे वेग. साठच्या वर जायचंच नाही! पायाखाली अंडं ठेवल्यासारखं ॲक्सिलरेटर दाबायचं.

आज तशी गेले. ट्रकवाले हॉर्न मारून मारून थकले. एक म्हातारा स्कूटरवर मला ओलांडून गेला आणि वर वळून बघितलं — बाई आजारी आहे का, असं! मी हात हलवला. जा बाबा, तुला नाही कुणी दहा मागितलेले.

नऊच्या अलीकडे. मीटरच्या हिशोबानंसुद्धा सुधारतंय!

२३ फेब्रुवारी

आता टायर आणि विंच. मिस्त्रीनं हातातला पाना खाली ठेवला. "डॉक्टरीणबाई, मी घातलेलं मीच काढू? टायर काढले की ती उंच टाचेच्या चपलेतनं उतरल्यासारखी होईल. वर पोचेल का?"

म्हटलं, "चढ आता कोरडा आहे. काढा."

"चढ कोरडाच राहील असं लिहून दिलंय का कुणी?"

"मिस्त्री, काढा म्हटलं ना."

काढलं. अरुंद, गुळगुळीत रस्त्याचे टायर बसवले. विंच, पुढचा जड बंपर, सगळं त्याच्या शेडमध्ये भिंतीला टेकवून ठेवलंय. हत्तिणीची शेळी झाली. पण वाजेनाशी झाली! जाड टायरांची घरघर गेली. आज त्या तीन तासांच्या हायवेवर पहिल्यांदा गाडीतला रेडिओ ऐकू आला.

९ मार्च

दहा पूर्णांक दोन!!

साहेबांनी पाठवलेला कारकून शेजारी बसला होता, त्याच्या डोळ्यांदेखत. टाकी त्यानंच भरून घेतली, मीटर त्यानंच वाचला. ऑफिसात कागद साहेबांच्या टेबलावर ठेवला. त्यांनी दोनदा वाचला, चष्मा काढून तिसऱ्यांदा. "ठीक आहे," म्हणाले. ठीक आहे! मरणाचा कंजूष माणूस, कौतुकातसुद्धा.

घरी सासूबाईंनी टाळी दिली. नवरा म्हणाला, "जिंकलीस बुवा." मी घरभर मिरवले. आज कुणी काही म्हणो — मी म्हणजे मीच!

१४ मार्च, शनिवार

लिहायला बसलेय. दोन पानं फाडून झालीत.

पहाटे वरच्या वस्तीतून मावशीचा फोन. नात्यातली नाही, पण पहिल्या फेरीपासून तिला मावशीच म्हणते. "गाय अडलीय गं. कालपासून कळा देतेय. ये लवकर." तोंड धुवून तशीच निघाले. हायवेवर साठबिठ काही नाही, जेवढी पळेल तेवढी पळवली. वर रात्रभर पाऊस होऊन गेलेला.

पहिलं वळण घेतलं. दुसऱ्याला मागची चाकं घसरली. नुसती गरगर. गुळगुळीत टायर, चिखल काय धरणार! मागे घेतली, पुन्हा दामटली. मग चाकोरीतल्या मधल्या उंचवट्यावर बूड टेकलं आणि संपलं. समोर दहा पावलांवर तार बांधायला झाड होतं. चांगलं जाडजूड. तार शेडमध्ये.

बॅग, दोर, हातमोजे घेतले आणि पायी निघाले. धावले, पडले, पुन्हा धावले. गाडीनं दहा मिनिटांचा चढ. चिखलात किती वेळ लागला ते मोजायचं धाडस झालं नाही.

मावशी गोठ्याच्या दारातच होती. माझ्याकडे बघितलंच नाही, माझ्यामागे बघितलं. "तुझी ती उंच गाडी कुठाय?"

काय सांगू तिला? ॲव्हरेज?

वासराचे मागचे पाय आत दुमडलेले होते. सरळ करून बाहेर काढलं. अजून गरम होतं. तोंड पुसलं, छाती चोळली, पाय धरून उलटं धरलं, पुन्हा चोळली. मावशीनंच माझा हात धरला शेवटी. "पुरे. गेलं ते. गाईकडे बघ."

गाय वाचली. कालवड होती. कपाळावर पांढरा ठिपका.

१५ मार्च

नवरा म्हणाला, "वासरू तसंही कदाचित—"

"कदाचित नको म्हणू," म्हटलं.

मग संध्याकाळी आपणहून चहा करून आणला, शेजारी बसला. "त्या दिवशी जिंकलीस म्हणालो ना मी. उगाच म्हणालो."

नाही रे. मीच उगाच मिरवले.

१७ मार्च

मिस्त्रीकडे गेले. "सगळं परत बसवा." मला वाटलं होतं, आता ऐकवेल — सांगितलं नव्हतं का? काही नाही. नुसता जॅक लावला. अर्धी गाडी वर उचलल्यावर म्हणाला, "काढा, घाला, काढा, घाला. गाडी आहे का नवरीचे दागिने?"

हसू आलं. तीन दिवसांत पहिल्यांदा.

विंच घट्ट बसवताना म्हणाला, "सात देईल हो पुन्हा."

"सहा देऊ दे," म्हटलं.

२४ मार्च, मंगळवार

साहेबांकडे स्वतःहून गेले. बोलावण्याची वाट कोण बघणार! गेल्या आठवड्याची पावती पुढे ठेवली. त्यांनी आकडा बघितला. "हे काय? तुम्ही तर दहा करून दाखवलं होतं."

"हो. दहाची गाडी वर पोचत नाही, सातची पोचते. तुम्हाला कुठली हवी?"

"डॉक्टर, मला नियमात बसणारी हवी."

मग कालवडीचं सांगितलं. अगदी कपाळावरच्या ठिपक्यापर्यंत सगळं. ऐकून घेतलं त्यांनी. माणूस वाईट नाही, तेच तर वाईट आहे. खिडकीबाहेर बघत म्हणाले, "माझ्या डोक्यावरही कुणी बसलंय हो. हायवेवरच सगळं डिझेल जातं तुमचं. जाताना तीन तास, येताना तीन तास. मी वर काय दाखवू?"

"वासरू दाखवा," म्हटलं.

"एक तारखेपासून खालचं टेबल. फेरी बंद."

"मी टेबलावर बसणार नाही."

"मग काय करणार?"

"बघाच," म्हणून बाहेर आले. जिना उतरताना पाठ ताठ ठेवली. मागून बघणाऱ्याला तेवढीच दिसते!

२५ मार्च

झोप नाही. एकच वाक्य डोक्यात घोळतंय. 'हायवेवरच सगळं डिझेल जातं.' तंतोतंत खरं आहे की! साहेब खरं बोलले आणि त्यांनाच कळलं नाही काय बोलले ते.

२६ मार्च

ऑफिसात अर्ज दिला. साहेबांनी वाचून माझ्याकडे बघितलं, स्कूटरवाल्या म्हाताऱ्यानं बघितलं होतं तसं. "घरी विचारलंत का?"

"आज विचारते."

विचारलं. सासूबाई म्हणाल्या, "वर थंडी असते. माझी जाड शाल घेऊन जा." नवरा उठून पेपर तपासायला बसला. ताटात भात तसाच.

२९ मार्च, रविवार

नवरा अजून बोलत नाही. मीही अर्ज मागे घेणार नाही.

२ एप्रिल

मंजूर! सोमवारपासून मी वरच राहायचं, कायमचं. मावशीच्या शेजारची खोली, तिथंच दवाखाना. हायवे नाही तर हायवेचं ॲव्हरेज कसलं!

नवरा शाळेमुळे इथंच. आज माझी बॅग भरायला बसला, स्वेटरची घडी तीनदा मोडून घातली. मग म्हणाला, "दर शनिवारी बसनं येईन. हायवे सोडून कच्चा रस्ता लागतो ना, तिथं उतरेन. घ्यायला येशील?"

येईन. लिटरला दोन दिले तरी येईन.