तीन वर्षं "पाणी देणारा" पंप

ती. ओपोंगमामांना भाची अफियाचा वाकून नमस्कार.

तुमचे गुडघे, मामींचं ब्लडप्रेशर आणि कुमासीतला तो भाडेकरू (अजून भांडतो का?) सगळं ठाकठीक असेल. इकडे अमाच्या पोटात पुन्हा ओढ्याचं पाणी गेलं आणि लेक महिन्यात दुसऱ्यांदा दवाखान्यात. माझं डोकंच फिरलं. तेव्हाच ठरवलं, आपल्या गावचा पंप कुठे अडलाय ते जिल्हा कचेरीतून कागदावर काढायचंच.

माहिती अधिकारात अर्ज दिला. कारकून म्हणाला, "साहेब मयतीला गेलेत." पुढच्या शुक्रवारी गेले, तर साहेब दुसऱ्या मयतीला. (या जिल्ह्यात मेल्याशिवाय साहेब भेटणार नाहीत बहुतेक.) तिसऱ्या खेपेला कारकून विचारतो, "बाई, फाइल हवीय कशाला? कोणाच्या घरातली तू?" म्हटलं, "कायद्याने कारण विचारता येत नाही. आणि घर विचारशील, तर तुझ्या आईचं बाळंतपण माझ्या आजीने केलंय." मग स्टूल, मक्याच्या पिठाचं केंके आणि तळलेली मासळी घेऊन दारातच ठाण मांडलं. मासळीचा वास साहेबांच्या खोलीत शिरला आणि दुपारी फाइल बाहेर आली.

मामा, फाइलप्रमाणे आपला पंप गेली तीन वर्षं पाणी देतोय! पुरावा म्हणून फोटो कुठला, तर कामाची पहिली कुदळ मारली त्या समारंभाचा. ढोल, भाषणं, आणि मधोमध घाम पुसत नाचणारी मी! खाली लिहिलंय, "पाणी आल्याचा ग्रामस्थांना झालेला आनंद." अहो, त्या दिवशी जमिनीत एक कुदळ गेली आणि माझ्या पोटात दोन ताटं जोलोफ भात, बाकी काही नाही. मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण आता हटणार नाही. मंगळवारी जिल्हा सभेत तो फोटो आणि ओढ्याच्या पाण्याची बाटली टेबलावर ठेवणार आहे.

मामींना नमस्कार, अमाकडून पापे.

तुमची,
अफिया सेरवा

ता. क. फाइलच्या शेवटच्या पानाची नक्कल सोबत आहे. "काम पूर्ण, पाणी गोड" याखाली गावातर्फे, वडीलधारे म्हणून, सही तुमची आहे.

पुन्हा ता. क. न वाचता केलीत, ठाऊक आहे मला. (सहीवर कोंबडीच्या रश्श्याचा डाग आहे.) सोमवारच्या बसने या आणि सभेत एवढंच सांगा. नाही आलात, तर ते पान मीच मोठ्याने वाचीन. आलात, तर उतरा आमच्याकडेच. पाणी उकळून देईन.