दादाच्या गिटारची सुटलेली तार

३ मार्च, सकाळी १०
वहिनी दादाची इलेक्ट्रिक गिटार आणि तिचा ॲम्प्लिफायर घेऊन आल्या. दादाला जाऊन आठ महिने झाले. आवाज येत नाही, आत एक तार सुटलीय, तेवढी जोडून द्या भावोजी, बाकी कशाला हात लावू नका, म्हणाल्या. दहा मिनिटांचं काम. संकल्प: फक्त तार. जुन्या वस्तूचा इतिहास जपणं हे माझ्यासारख्या जाणकाराचं पहिलं कर्तव्य.

४ मार्च
आधी पुसून घेतली. पुसणं म्हणजे हात लावणं नव्हे. दादाचा हात टेकून टेकून एका जागी लाल रंग पार उडालाय, लाकूड दिसतं. बघवेना. त्याच्या आजारपणात मला जायला जमलं नाही, ऑफिसात इन्स्पेक्शन होतं. निदान गिटार तरी नीट करतो.

५ मार्च, दुपार
उडालेल्या जागेच्या कडा सँडपेपरने घासल्या. फक्त कडा. ही म्हणाली, वहिनी नको म्हणाल्या होत्या ना? हिला काय कळतंय यातलं!

५ मार्च, संध्याकाळी ६
कडा वाढत गेल्या. आता निम्मी गिटार उघडी. अर्धवट सोडणं म्हणजे दादाचा अपमान.

७ मार्च
सगळा रंग काढला. तसा लाल मिळाला नाही, जरा भडक मिळाला, तोच लावला. कारखान्यातून निघाली तेव्हा अशीच असणार. म्हणजे मी इतिहास पुसला नाही, आणखी मागे नेला. हा मुद्दा वहिनींना सांगायचा.

८ मार्च
रंगाचा दुसरा हात दिला. डास चिकटला. काढताना माझं बोट उमटलं. वहिनींना फोन केला, आठवडाभर थांबा म्हटलं. उद्या तुमच्या दादांचा वाढदिवस, म्हणून तर हवीय, म्हणाल्या.

९ मार्च, दुपार
वहिनी आल्या. गिटार मांडीवर घेतली. दादाचा हात टेकायचा तिथे स्वतःचा हात ठेवायला गेल्या. जागा सापडेना. इथेच होती ना हो, म्हणाल्या. मी मुद्दा विसरलो. वाजवून तर बघा म्हणत घाईघाईने ॲम्प्लिफायरला जोडली.

आवाज नाही. उघडून पाहिलं, आतली तार तशीच लोंबत होती. मेल्याहून मेल्यासारखं झालं. आत्ता जोडतो म्हटलं. राहू द्या भावोजी, म्हणाल्या, ही त्यांची नाहीच.

गिटार इथेच ठेवून गेल्या.

दुपारी ४
तार जोडली. दहा मिनिटंही लागली नाहीत.