दोरीचा खुलासा

चि. टिकलीस,

काकाचे भरभरून आशीर्वाद. तुझ्या बाबांचा गुडघा कसा आहे? माझा बरा आहे. गच्चीचा जिना दिवसातून चारदा चढतो, त्यामुळे त्याला दुखायला सवडच मिळत नाही.

पत्रास कारण, परवा तू फोनवर म्हणालीस, "काका, दोनशे गच्च्यांना ऐकू आलं नाही ते तुमच्या गच्चीला कसं आलं? सविस्तर लिहून द्या, साहेबांना हवंय. आणि गुरुवारी आमचा माणूस अँटेना तपासायला येतोय." हे शेवटचं वाक्य काही डोक्यातून जात नाही. तो अँटेना काढून तर नेणार नाही ना? म्हणून खरं काय ते सांगून टाकतो.

पूर्वी आकाशाशी बोलायचं म्हणजे विहिरीएवढी सरकारी तबकडी, भोवती कुंपण, दारात पहारेकरी. तुम्ही उपग्रह बनवणाऱ्या पोरांनी तो कारभार घरोघर वाटून टाकलात. उपग्रह बुटाच्या खोक्याएवढा, आणि त्याचं बोलणं ऐकायला आमच्यासारख्या रिकामटेकड्यांच्या गच्च्या! (चाळीस वर्षं शिलाई मशिनं दुरुस्त केली, पण एवढा मान कोणी दिला नव्हता. अँटेनाच्या मोटरला मशीनचंच तेल घालतो. हे साहेबांना सांगू नकोस.)

तर तुझा उपग्रह सुटला आणि नऊ दिवस गप्प. दहाव्या दिवशी त्याचा नाद सोडायचं तुमचं ठरलेलं. तू फोनवर "ठीक आहे हो काका" म्हणायचीस ते नाक ओढत. दोनशे अँटेना तुमच्या कॉम्प्युटरच्या हुकमाने एकदम माना वळवत होत्या. वाटणी दोनशे घरांत, पण अक्कल एकाचीच! आणि तो कॉम्प्युटर नेमका चुकलेला. रॉकेटमधून चाळीस उपग्रह एकदम बाहेर पडले, त्यात तुम्ही भलत्याच्याच मागे. शाळा सुटल्यावर गर्दीत दुसऱ्याच्या पोराचा हात धरून घरी यावं, तसं.

आमच्या अँटेनाने मात्र नवव्या दिवशी मान वळवली नाही, कारण तिला वळवताच येईना. तुझ्या काकूने एक टोक अँटेनाला आणि दुसरं पाण्याच्या टाकीला बांधून दोरी ताणली होती, अन् तिच्यावर चार ओल्या चादरी. (नियम चौथा, 'अँटेनाला काहीही बांधू नये', मी तिला दोनदा वाचून दाखवला होता.) मोटर कण्हली आणि शेजारच्यांच्या गच्चीकडे तोंड करून थांबली. अर्ध्या तासाने तुझा खरा उपग्रह नेमका तिकडूनच आला आणि अँटेनाला जोडलेल्या पेटीवरचा, उपग्रह बोलला की लागणारा, हिरवा दिवा लागला. मी "लागला! लागला!" असा ओरडलो की शेजारी पाण्याची बादली घेऊन धावले.

एवढाच माझा शोध. सांभाळून घे.

तुझा काका

ता. क. अहवालात 'दोरी' असं लिहू नकोस. 'स्थानिक पातळीवरील स्वतंत्र निर्णय' असं काहीतरी लिही. आणि काही करून अँटेना इथेच राहू दे.

ता. क. २ (काकूच्या हाताने) पत्र पाकिटात घालायला माझ्याकडे दिलं म्हणून वाचलं. दोरी ह्यांनीच बांधली, "अनायासे खांब मिळाला" म्हणून. मी फक्त चादरी वाळत घातल्या. नऊ दिवस पेटीसमोर बसून "बोल बाळा" म्हणत होते, ते बरं लिहिलं नाही! अँटेना नेऊ नका गं, माणूस सुकेल. दोरी मी सोडली आहे. तेव्हा पुढचा उपग्रह हरवलात तर आम्हाला विचारू नका.