स्टुलावरून कोणी पडले नव्हते

मी, खाली सही करणारी, वय चौसष्ट, बस डेपोच्या वर्कशॉपमधली निवृत्त वेल्डर, जिला सगळे ठिणगी म्हणतात, हे कागद स्वतःच्या हाताने आणि स्वतःच्या मर्जीने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे, तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. हृदयाची हमी मात्र डॉक्टर देत नाहीत. डावा कान अकरा वर्षांपासून बंद आहे. तो कसा बंद झाला ते कलम चारमध्ये येईल. याआधी मी कोणतेही मृत्युपत्र केलेले नाही.

कलम १. शेड. ही वडिलांनी मला दिली, कारण तिच्यात काम मी करत होते. थोरल्या भावाला तिथे टायरचे गोदाम करायचे होते, आणि वडील गेल्यापासून हे शल्य तो उराशी धरून बसला. माझ्यानंतर शेड घरी विमान बांधणाऱ्यांच्या मंडळाकडे जावी. छप्पर उत्तरेच्या कोपऱ्यात गळते. आधी ते दुरुस्त करा, मग पाटी लावा.

कलम २. नकाशांचा संच, बांधणीच्या सात वह्या, फोटो आणि इतर बांधणाऱ्यांची पत्रे मंडळाने कपाटात कुलूपबंद न ठेवता, ज्याला स्वतःचे विमान बांधायचे आहे त्याच्या हाती द्यावीत. त्याला माझ्यातर्फे सांगावे: नकाशे अनुभवी माणसाकडून घे, स्वतःची अक्कल त्यात घालू नकोस. पहिल्यांदा शेपटीचे रडर, म्हणजे विमान वळवायचे सुकाणू, बांध. बिघडले तर फेकून देता येते. रोजच्या कामाची तारीख आणि फोटो ठेव. आधी दुसऱ्याचे विमान जाऊन बघ, आणि विमान-तपासनीसाला पंखांवर कापड चढवण्याआधी बोलाव, नंतर नव्हे. डिंक कालवशील तेव्हा दरवेळी दोन तुकडे वेगळे चिकटव आणि वाळल्यावर हातोड्याने फोड. लाकूड फाटले पाहिजे, जोड सुटता कामा नये. जोड सुटला तर त्या दिवसाचे सगळे काम उखड, कितीही जिवावर आले तरी.

कलम ३. रंधे, पटाशा आणि चाळीस शिकंजे माझे नाहीत. ते म्हाताऱ्या सुताराचे. त्याने तरुणपणी दोन विमाने बांधली होती. पाइपाचा सांगाडा माझा, लाकडी पंख त्याचा, असे आम्ही वाटून घेतले होते. माझा पहिला जोड पाहून तो म्हणाला होता, "पोरी, हे विमान आहे, फाटक नाही." ही हत्यारे त्याच्या लेकीला द्यावीत.

कलम ४. हे कलम कोणाला काही देत नाही, पण हे लिहिल्याशिवाय बाकीच्या कलमांना अर्थ नाही.

अकरा वर्षांपूर्वी, भर दुपारी, भाऊ पहार घेऊन शेडमध्ये आला. उजवा पंख टेबलावर होता, बिनकापडाचा, सगळ्या फासळ्या उघड्या. "शेड खाली कर, नाहीतर हे सगळं सरपण करतो," असे म्हणत त्याने पहार घातली. नऊ फासळ्या एका दमात गेल्या. म्हातारा मध्ये आला. "मला मार, पंखाला हात लावू नकोस," म्हणाला. भावाने मारले. पहिला वार खांद्यावर बसला, हाड मोडल्याचा आवाज मला ऐकू आला. मी हातोडी उचलून भावाच्या तोंडावर हाणली. दोन दात पडले. ते रक्त थुंकत त्याने दुसरा वार म्हाताऱ्याच्या डोक्यावर घातला आणि उलट्या हाताने पहार माझ्या कानावर. मी पडले. म्हाताऱ्यावरचे दोन वार मी पाहिले. पुढचे मला माहीत नाही.

शुद्धीवर आले तेव्हा स्टूल आडवे पाडलेले होते, आणि भाऊ शेजाऱ्यांना सांगत होता की म्हातारा स्टुलावरून पडला आणि पडताना मला घेऊन पडला. नवव्या दिवशी म्हातारा इस्पितळातच वारला. आई माझ्या पाया पडली. "तो गेला, आता माझ्या लेकाला तरी फासावर चढवू नकोस," म्हणाली. मी पोलिसांना स्टुलाची गोष्ट सांगितली. सही केली. तीच ही सही.

सुताराची लेक शेडच्या दारात येऊन म्हणाली, "स्टूल डुगडुगत होतं तर माझ्या बापाला वर चढवलंस कशाला?" आणि तिने मला थोबाडीत मारली. थप्पड चुकीच्या कारणासाठी होती, गाल मात्र बरोबर होता.

कलम ५. विमान. दोन माणसांचे, एका इंजिनाचे, एकशे बारा तास उडालेले. मोडलेल्या नऊ फासळ्या म्हाताऱ्याच्या वहीवरून मी पुन्हा बांधल्या. हे विमान सुताराच्या लेकीचे. तिने उडवावे, विकावे किंवा कुऱ्हाडीने फोडावे. मंडळाने तिला समजवायला जाऊ नये.

कलम ६. भावाला काहीही नाही. मला विसर पडला म्हणून नव्हे.

कलम ७. (आज सकाळी वाढवलेले.) आई आता नाही, त्यामुळे माझे तोंड बांधायला कोणी उरले नाही. साक्षीसाठी तपासनीस साहेब आले आहेत. भावालाही मी बोलावले. त्याने उभ्यानेच सगळे वाचले.

"हे तू मेल्यावर बाहेर येणार?"

"कलम चार आज संध्याकाळीच सुताराच्या लेकीला वाचून दाखवणार. तिथून ती पोलिसांत जाईल, तर मी सोबत जाईन."

"मग मला कशाला बोलावलंस?"

"खोटं म्हणायचं असेल तर माझ्या तोंडावर म्हण."

त्याने मूठ उगारली. तपासनीस खुर्ची सारून उठले. मूठ टेबलावर आदळली, चहा कागदावर सांडला. डाग दिसतो आहे. मग तो बसला. मला तो प्रथमच म्हातारा दिसला.

"दोन नाहीत," तो म्हणाला.

मी उजवा कान पुढे केला. "काय?"

"दोन लिहिलेस. दोन नाहीत."

मी पेन त्याच्यापुढे सरकवले. कलम चारमधला आकडा मी बदललेला नाही. मी पाहिले तेवढेच मी लिहिले. उरलेले त्याने खाली स्वतःच्या अक्षरात लिहिले आहे.

ठिकाण: शेडमधले कामाचे टेबल. दिनांक नऊ मार्च, सकाळचे अकरा.

लिहून ठेवणारी: (सही) ठिणगी

साक्षीदार एक: (सही) विमान-तपासनीस. दोघांनी माझ्यासमोर सह्या केल्या.

साक्षीदार दोन: (सही) लिहिणारीचा थोरला भाऊ. तिसरा वार मी घातला. ही बेशुद्ध होती. म्हातारा उठून बसला होता आणि पाणी मागत होता.