आधी बोलायचं कुणी?

६ मे
नाशकात गंगेवरचं, गोदाघाटावरचं व्याख्यान झालं. विषय: विश्वात आपण एकटेच का? माणसं मावत नव्हती. बायको, शालनही ऐकायला आली होती, किती वर्षांनी! शेजारच्या वाघवहिनींबरोबर, चौथ्या रांगेत. मी कडाडलो, "विंचूरच्या मार्केटात एकच कांदा आलेला कोणी पाहिलाय? मग एवढ्या विश्वात बुद्धी एकाच ठिकाणी कशी?" टाळ्या. शेवटी श्रोत्यांच्या चिठ्ठ्या. एक निनावी: "तिकडचेही आपल्यासारखेच नुसते कान लावून बसले असतील तर? आधी बोलायचं कुणी?" म्हणालो, "प्रश्नकर्त्याच्या घरी अबोला दिसतोय! आधी तुम्हीच बोला, निदान जेवण मिळेल." आजचा सगळ्यात मोठा हशा.

८ मे
चिठ्ठ्या फाइलला लावताना हात थांबला. त्या चिठ्ठीतला 'क' ओळखीचा. स्वयंपाकघरात गेलो. लोणच्याच्या बरणीवर चिकटपट्टी: 'कैरी, तिखट कमी'. तोच क, तीच लांब शेपटी.
शालनची चिठ्ठी. पस्तीस वर्षांत माझ्या व्यासपीठावर आलेला तिचा पहिला प्रश्न, आणि मी तो...

९ मे
चहाच्या वेळी विषय काढला. म्हणजे सहज. दहा मिनिटांनी लक्षात आलं, मी उभा आहे आणि हातवारे चाललेत. शा.ने मिक्सर लावला.

१० मे
सरळ विचारलं.
"चिठ्ठी तुझी?"
"हो."
"घरी विचारायचंस ना!"
"अहो, घरी विचारलं की तासभर ऐकावं लागतं. तिथं एका चिठ्ठीला दोनच मिनिटं."
माफी मागितली. म्हणाली, "लोक हसले त्याचं काही नाही. पण तुम्ही उत्तर दिलंच नाहीत." आणि गवार मोडत बसली.
१४ला चांदवडला हेच व्या. येशील का म्हटलं.
"बघू. तेच भाषण असेल तर नको."

१२ मे
दोन दिवस पुस्तकं उपसतोय. प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हताच. आपण ऐकतो पुष्कळ. मुद्दाम पाठवलेलं फार थोडं. तेही तसेच असले तर सगळं आकाश भरलेलं, आणि तरी चिडीचूप.
कांद्याचा दाखलाही तिने उडवला. "मार्केटात आपल्याला ढीग दिसतात. इथं आपण एकच कांदा पाहिलाय." विंचूरची लेक!
मग माझ्याजवळ उरतं काय? खात्री नाही. कोणीतरी असावं असं वाटतं, फार वाटतं, इतकंच. शा.ला हे सांगितलं.
"मग तसं म्हणा की. ओरडता कशाला?"
रागच आला. जेवताना बोललो नाही. चांदवडचं तिला पुन्हा विचारायचं राहिलं.

१४ मे
दुपारी गाडी काढली तर शा. साडी नेसून फाटकात उभी.
भाषणाच्या मध्यावर तिचा प्रश्न वाचला. नाव न घेता. नाशकात केलेली चेष्टाही सांगितली. मग म्हणालो, "याचं उत्तर मला माहीत नाही." व्यासपीठावरून हे वाक्य आयुष्यात पहिल्यांदा. टाळी नाही. संयोजक घड्याळ पाहायला लागले. पुढच्या वर्षी बोलावतील असं वाटत नाही.
परतताना दोघंही गप्प. पिंपळगाव जवळ आलं तेव्हा तिनेच विचारलं, "पण तुम्हाला वाटतं ना, कोणीतरी असेल?"
"वाटतं."
पुढची सगळी वाक्यं जिभेवर आली होती. गिळली.
टोलनाका गेला. मग म्हणाली, "का वाटतं?"
गाडी डावीकडच्या लेनमध्ये घेतली, हळू केली, आणि सांगायला लागलो.